कायोटी की लांडगा? विस्कॉन्सिनच्या शेतात दिसणारं जनावर आणि त्याचे दोन कायदे

मागच्या जानेवारीत ओळखीतल्या एका मराठी कुटुंबाने सकाळी सहाला फोटो पाठवला. अमेरिकेतल्या मध्य विस्कॉन्सिनमध्ये त्यांनी नुकतंच पाच एकर जागेसह घर घेतलं होतं. घरामागच्या ओढ्याकाठी लावलेल्या ट्रेल कॅमेऱ्यासमोरून रात्री एक जनावर गेलं होतं. पिंगट-राखाडी अंग, लांब पाय, खाली सोडलेली शेपूट. फोटोखाली एकच ओळ होती: "ताई, हा लांडगा ना? मुलांना बसस्टॉपवर एकटं पाठवू का?"

फोटोतला प्राणी कायोटी होता, उत्तर अमेरिकेतला लांडग्याचा लहान चुलतभाऊ. पण त्यांचा गोंधळ का झाला ते मला लगेच कळलं, कारण माझाही डोळा तिकडेच तयार झालेला आहे. माझं लहानपण सोलापूर जिल्ह्यात माळरानाच्या कडेला गेलं. मेंढरांपासून दोनशे पावलांवर उभा राहून धनगराच्या कुत्र्यांचा अंदाज घेणारा लांडगा मी पाहिलेला आहे. काटक, उंच पायांचा, वाळल्या गवताच्या रंगाचा. आपल्याकडच्या लांडग्याचं वजन साधारण १७ ते २५ किलो असतं. विस्कॉन्सिनचा कायोटी भरतो ११ ते २० किलो. म्हणजे 'लांडगा' म्हणून आपल्या मनात जे माप बसलेलं असतं, त्यात कायोटी बरोबर मावतो. इथला खरा लांडगा २३ ते ४५ किलोंचा. जॅक्सन काउंटीत तो मला पहिल्यांदा दिसला तेव्हा लांडगा हा शब्द मनात आलाच नाही. वाटलं, कुणाचा तरी मोठा कुत्रा सुटून रस्त्यावर आलाय.

भाषाही गोंधळात भर घालते. मराठीत कोल्हा वेगळा आणि खोकड वेगळं. पण इथे आल्यावर आपण लाल खोकडाला कोल्हा म्हणतो, कायोटीलाही कोल्हा म्हणतो, आणि रात्री ओरडला की त्याचाच लांडगा करतो. कायोटी हा शब्द मूळचा मेक्सिकोतल्या नावाट्ल भाषेतला. इथले शेतकरी त्याला नुसतं 'कायोट' म्हणतात. आपल्याकडे हा प्राणीच नाही, म्हणून त्याला मराठी नावही नाही. तेव्हा मी कायोटीच म्हणणार आहे.

नावाचा एवढा खल करण्याला कारण आहे. तुमच्या मागच्या त्याच शेतात, त्याच रात्री, त्याच अंतरावर दोनपैकी एक जनावर उभं असेल. कायोटी असेल तर तुमच्याच जमिनीवर तुम्ही त्याला वर्षातल्या कुठल्याही दिवशी मारू शकता, परवान्याशिवाय. लांडगा असेल तर तीच गोळी केंद्रीय गुन्हा ठरते आणि एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. मधला फरक फक्त तुमच्या ओळखण्याचा आहे.

जंगली जनावर कुणाच्या मालकीचं?

भारतातून आलेल्या माणसाला इथली शिकार पचायला वेळ लागतो. आपल्याकडे १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे, आणि थोडे अपवाद सोडले तर शिकार म्हणजे गुन्हा, विषय संपला. लांडगा तर त्या कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, वाघाच्या पंगतीला. इथे मात्र नोव्हेंबरात पेट्रोल पंपावर नारिंगी जाकिटं घातलेली माणसं रांगेत दिसतात, पिकअपच्या मागे हरीण असतं, आणि शेजारचे आजोबा नातवाची पहिली शिकार कौतुकाने सांगतात. मला पहिली दोन वर्षं हे बघवत नसे. नंतर त्यामागची रचना समजत गेली, आणि मत पूर्ण बदललं नाही तरी त्याची धार कमी झाली.

रचना अशी: जंगली प्राणी जमीनमालकाचे नाहीत, ते जनतेचे, आणि राज्य सरकार त्यांचं विश्वस्त. कोणता प्राणी, किती, कधी आणि कुठल्या हत्याराने मारायचा हे राज्य ठरवतं. विस्कॉन्सिनमध्ये हे काम डिपार्टमेंट ऑफ नॅचरल रिसोर्सेस करतं, ज्याला सगळे डीएनआर म्हणतात. परवान्याच्या फीमधून त्याच खात्याचे जीवशास्त्रज्ञ आणि वॉर्डन पगार घेतात. शिवाय १९३७ च्या एका केंद्रीय कायद्याने बंदुका आणि काडतुसांवरचा विशेष कर वन्यजीवांसाठी राखून ठेवला. लांब बंदुकांवर आणि काडतुसांवर तो ११ टक्के आहे, आणि त्याचा पैसा राज्यांच्या वन्यजीव खात्यांना वाटला जातो. म्हणजे अधिवास राखायला जो पैसा लागतो, त्याचा मोठा वाटा शिकारी देतात. त्यामुळे निर्णयात त्यांचा आवाजही मोठा असतो. ही गोष्ट मला खटकते, पण ती समजल्याशिवाय पुढचं काही समजत नाही.

या राज्याच्या रचनेवर केंद्राचं छत आहे. एखादी प्रजाती १९७३ च्या केंद्रीय संकटग्रस्त प्रजाती कायद्याच्या यादीत गेली की राज्याचे नियम बाजूला पडतात. कायोटी त्या यादीत कधीच नव्हता. लांडग्याचं मात्र त्या यादीत सतत येणं-जाणं चाललेलं आहे, आणि विस्कॉन्सिनचं सगळं राजकारण त्या येण्या-जाण्याभोवती फिरतं.

बक्षिसापासून कोटापर्यंत

गोऱ्या वसाहतींआधी विस्कॉन्सिनमध्ये तीन ते पाच हजार लांडगे असावेत असा अंदाज आहे. १८६५ मध्ये राज्याने लांडगा मारणाऱ्याला बक्षीस द्यायला सुरुवात केली. हे बक्षीस १९५७ पर्यंत चालू होतं, म्हणजे तीन पिढ्यांहून जास्त. १९६० पर्यंत राज्यातला लांडगा संपला होता. आज जे लोक "आमच्या लहानपणी इथे लांडगे नव्हतेच, सरकारने आणून सोडले" असं म्हणतात, त्यांचं अर्धं वाक्य खरं आहे. त्यांच्या लहानपणी नव्हते. पण सोडले कुणीच नाहीत. शेजारच्या मिनेसोटाच्या उत्तर जंगलात लांडगा कधी संपलाच नव्हता. केंद्रीय कायद्याचं संरक्षण मिळाल्यावर १९७० च्या दशकाच्या मध्यात तिथूनच काही लांडगे स्वतःच्या पायांनी चालत परत आले. १९८० च्या मोजणीत राज्यात अवघे २५ लांडगे होते. मग कुत्र्यांमधून आलेल्या पार्व्हो रोगाने त्यांनाही गाठलं आणि आकडा आणखी खाली गेला. तिथून हळूहळू चढत आज तो हजाराच्या आसपास आहे.

आकडा वाढला तशी मागणी सुरू झाली की आता यादीतून काढा. २०१२ च्या सुरुवातीला ग्रेट लेक्सच्या पश्चिम भागातला, म्हणजे विस्कॉन्सिन, मिनेसोटा आणि मिशिगनमधला, लांडगा यादीतून निघाला, आणि त्याच वर्षी विस्कॉन्सिनच्या विधिमंडळाने कायदा केला: लांडगा केंद्राच्या यादीत नसेल तेव्हा शिकारीचा हंगाम ठेवलाच पाहिजे. इथे मी शब्द मोजून वापरते आहे. 'ठेवता येईल' नाही, 'ठेवलाच पाहिजे'. खात्याच्या जीवशास्त्रज्ञांना काही वेगळं वाटत असलं तरी त्यांच्या हाती कोटा ठरवण्यापुरतंच उरलं. २०१२, २०१३ आणि २०१४ असे तीन हंगाम झाले. डिसेंबर २०१४ मध्ये वॉशिंग्टनच्या केंद्रीय न्यायालयाने लांडग्याला पुन्हा यादीत टाकलं. शिकार बंद.

जानेवारी २०२१ मध्ये केंद्र सरकारने त्याला परत यादीतून काढलं. खात्याचा विचार होता की हंगाम नोव्हेंबरात ठेवू, तोवर अभ्यास आणि इथल्या मूलनिवासी जमातींशी चर्चा होईल. पण कॅन्ससमधल्या एका शिकारी संघटनेने न्यायालयात धाव घेतली: कायदा म्हणतो 'ठेवलाच पाहिजे', तर आत्ताच ठेवा. न्यायाधीशांनी ते मान्य केलं आणि काही दिवसांच्या तयारीवर २२ फेब्रुवारीला हंगाम सुरू झाला.

एकूण कोटा २०० लांडग्यांचा. त्यातले ८१ मूलनिवासी ओजिब्वे जमातींच्या वाट्याचे, उरलेले ११९ राज्याच्या परवानाधारकांसाठी. ताजा बर्फ पडलेला, माग स्पष्ट, शिकारी कुत्र्यांच्या टोळ्या वापरायला परवानगी. खात्याला हंगाम बंद करायचा तर कायद्याने चोवीस तास आधी सूचना द्यावी लागत होती. आकडे भराभर चढत असताना ते चोवीस तास जात राहिले. तीन दिवसही पुरे झाले नव्हते तोवर २१८ लांडगे मारले गेले होते. मर्यादेपेक्षा ९९ जास्त. आणि फेब्रुवारी हा लांडग्यांच्या मिलनाचा महिना, पण किती माद्या गाभण होत्या हे मोजलंच गेलं नाही. मी त्या आठवड्यात रेडिओ बंद करून ठेवला होता.

त्या वर्षीचा हिवाळी हंगाम एका न्यायालयाने ऑक्टोबरमध्ये थांबवला. पुढे १० फेब्रुवारी २०२२ रोजी कॅलिफोर्नियातल्या केंद्रीय न्यायालयाने लांडगा पुन्हा यादीत घातला, आणि विस्कॉन्सिनमध्ये तो 'संकटग्रस्त' ठरला. लंबक असाच फिरतो. राज्याने २०२३ मध्ये लांडग्यांसाठी नवा आराखडा मंजूर केला. जुन्या आराखड्यात ३५० हा ठोकळ आकडा होता, नव्यात एकच आकडा बांधलेला नाही. वॉशिंग्टनमध्ये लांडग्याला यादीतून काढायची विधेयकंही येत राहतात. त्यातलं एक २०२४ च्या एप्रिलमध्ये प्रतिनिधी सभेत २०९ विरुद्ध २०५ मतांनी मंजूर झालं. आणि लक्षात ठेवा, राज्याचा तो 'ठेवलाच पाहिजे' अजून पुस्तकात आहे. लांडगा यादीतून निघाल्याबरोबर तो जागा होतो. म्हणून कुणी शेजारी "मागच्या वेळी चालत होतं" म्हणाला तर त्यावर जाऊ नका, दर हंगामाआधी डीएनआरचं पान स्वतः उघडून बघा.

ओजिब्वेंच्या त्या ८१ लांडग्यांचं काय झालं हे विचारायला हवं. १८३७ आणि १८४२ च्या करारांत या लोकांनी उत्तर विस्कॉन्सिनची जमीन दिली, पण तिथे शिकार, मासेमारी आणि रानमेवा गोळा करण्याचे हक्क राखून ठेवले. १९८३ मध्ये केंद्रीय न्यायालयाने ते हक्क आजही जिवंत असल्याचं मान्य केलं. म्हणूनच त्या प्रदेशातल्या शिकारीत त्यांचा अर्धा वाटा धरतात. त्यांनी तो वाटा घेतला तो लांडगे जगावेत म्हणून. लांडग्याला ते मैंगन म्हणतात, तो पहिल्या माणसाचा भाऊ, आणि जे मैंगनचं होईल ते आपलं होईल अशी त्यांची धारणा आहे. हक्काचे ८१ त्यांनी मारले नाहीत, पण बाहेरच्या शिकाऱ्यांनी ओलांडलेले ९९ त्यांच्या न मारलेल्या वाट्यालाही गिळून पुढे गेले. या सगळ्या प्रकरणात मला सर्वांत जास्त हीच गोष्ट लागते.

आता तुमच्या अंगणापुरतं

लांडगा यादीत 'संकटग्रस्त' असताना विस्कॉन्सिनमध्ये त्याला मारायचं एकच कायदेशीर कारण उरतं: माणसाचा जीव वाचवणं. वासरू वाचवायला नाही, कुत्रा वाचवायलाही नाही. शेजारच्या मिनेसोटात तो एक पायरी खाली, 'धोक्यात असलेला' गणला जातो, म्हणून तिथे जनावरं मारणाऱ्या लांडग्यांना सरकारी माणसं पकडून मारू शकतात. विस्कॉन्सिनमध्ये तेही बंद. मिनेसोटाच्या सीमेवरच्या शेतकऱ्याला हे किती विचित्र वाटत असेल, नदीच्या एका काठाला एक नियम, दुसऱ्या काठाला दुसरा! आणि आणखी पश्चिमेला वायोमिंगच्या बऱ्याच मोठ्या भागात तर लांडगा कुणीही, कधीही, परवान्याशिवाय मारू शकतो. यूट्यूबवर कुठल्यातरी राज्यातला शिकारी काय करतो हे पाहून इथे वागू नका.

शेतकऱ्याची बाजू मी हलकी करत नाही. दोनशे किलोचं वासरू सकाळी अर्धं खाल्लेलं सापडणं काय असतं हे आपल्या धनगरांना विचारा. राज्य भरपाई देतं. लांडग्याने मारलेल्या गुरांसाठी, मेंढ्यांसाठी, पाळीव प्राण्यांसाठी, आणि शिकारी कुत्र्यासाठीही, एका कुत्र्याचे जास्तीत जास्त २,५०० डॉलर. पण केंद्रीय कृषी खात्याचा माणूस येऊन खात्री करतो तेव्हाच. म्हणून जनावर मेलेलं सापडलं तर ते हलवू नका. त्यावर ताडपत्री टाका, कुत्र्यांना आणि गिधाडांना दूर ठेवा, आजूबाजूचे माग तुडवू नका, आणि त्याच दिवशी फोन करा. दातांच्या खुणा आणि त्वचेखाली साकळलेलं रक्त यावरून तपासणारा ठरवतो की जनावर जिवंतपणी पकडलं गेलं की आधीच मेलेलं कुणीतरी येऊन खाल्लं. उशीर झाला की हा पुरावाच जातो.

उपायांत मला एक गोष्ट फार आवडते. कुंपणाच्या दोरीला लाल फडकी ओळीने लावतात. वाऱ्यावर ती हलत राहतात, आणि लांडगा ती रेघ ओलांडायला बिचकतो. पूर्व युरोपातली ही जुनी युक्ती आहे. काही आठवडे चांगली चालते, मग लांडग्याला सवय होते, म्हणून वासरं होण्याच्या दिवसांत लावून पुढे काढून ठेवायची. आपले धनगर रात्री मेंढरांभोवती वाघर लावतात, जाळ्याचं कुंपण, आणि बाहेर कुत्री. शेतकऱ्यांच्या एका बैठकीत मी वाघरीचं वर्णन केलं तेव्हा एका वयस्कर मेंढपाळाने वहीत तिचं चित्र काढून घेतलं.

आता कायोटी. हंगाम बारा महिने. संख्येची मर्यादा नाही. इतरांच्या किंवा सार्वजनिक जमिनीवर मारायचा तर लहान प्राण्यांच्या शिकारीचा परवाना लागतो. स्वतःच्या जमिनीवर मालकाला आणि त्याच्या घरच्यांना लागत नाही. दुसऱ्याच्या जमिनीत पाऊल ठेवायला परवानगी हवीच, 'प्रवेश बंद' अशी पाटी नसली तरी. परक्याच्या जमिनीवर कुणाच्या राहत्या घरापासून शंभर यार्डांच्या आत गोळी झाडता येत नाही. गावांचे आणि शहरांचे स्वतःचे नियम याहून कडक असतात. तुमच्या सबडिव्हिजनमध्ये बंदूक चालवणं बहुधा बंदच असेल.

नोव्हेंबरातल्या थँक्सगिव्हिंग सणाच्या आधीच्या शनिवारपासून नऊ दिवस हरणांचा बंदुकीचा हंगाम असतो. त्या दिवसांत शिकार करणाऱ्या प्रत्येकाने, मग तो कायोटीच्या मागे असला तरी, नारिंगी कपडे घालायचे असतात. २०१६ पासून भडक गुलाबीही चालतो. तुम्ही फक्त फिरायला जाणार असाल तर कायदा तुम्हाला सक्ती करत नाही, तरीही घाला. मुलांना घाला, कुत्र्यालाही घाला. ही एक गोष्ट मी प्रत्येक नव्या मराठी घराला हात जोडून सांगते.

कायोटी एवढे मारतात तर कमी का होत नाहीत, हा प्रश्न लोक विचारतात. विसाव्या शतकात सरकारी विषप्रयोग, सापळे, बक्षिसं, सगळं करून झालं, आणि त्याच शतकात हा प्राणी पश्चिमेच्या कुरणांतून निघून पार अटलांटिक किनाऱ्यापर्यंत पसरला. कारण त्याला आवरणारा लांडगा माणसाने संपवला होता. १९९५ मध्ये यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात लांडगे सोडले तेव्हा काही भागांतले कायोटी जवळजवळ निम्म्यावर आले. लांडग्याचा शेतकऱ्याला आणखी एक उपयोग आहे, जो मला मोलाचा वाटतो. विस्कॉन्सिनच्याच आकड्यांवर २०२१ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्या काउंट्यांत लांडगे आले तिथे हरणांची वाहनांशी होणारी टक्कर सुमारे २४ टक्क्यांनी कमी झाली. हरणं कमी झाली एवढंच कारण नव्हतं. लांडगे रस्त्याकडेने ये-जा करतात म्हणून हरणांनी रस्त्याच्या कडेला रेंगाळणं सोडलं, हे मोठं कारण. वाचलेल्या अपघातांचा पैसा मोजला तर तो लांडग्यांनी मारलेल्या गुरांच्या नुकसानीच्या कित्येक पट निघाला. अर्थात, फायदा हमरस्त्यावरच्या सगळ्यांना वाटून मिळतो आणि वासरू एकाच शेतकऱ्याचं जातं, ही अडचण त्या आकड्यांनी सुटत नाही.

चुकून मारलेले लांडगे

२००१ च्या ऑक्टोबरमध्ये मिसूरीतल्या ग्रंडी काउंटीत एका धनुर्धारी शिकाऱ्याने कायोटी समजून एक प्राणी मारला. गळ्यात रेडिओ पट्टा, कानात बिल्ला. तो मिशिगनच्या वरच्या द्वीपकल्पातून साडेचारशे मैलांहून जास्त चालत आलेला लांडगा होता. २०१४ मध्ये आयोवाच्या ब्यूकॅनन काउंटीत तेच झालं. डीएनए तपासल्यावर कळलं की १९२५ नंतरची ती राज्यातली पहिली खात्रीची नोंद. मेलेल्या जनावराची. २०२१ च्या डिसेंबरात न्यूयॉर्क राज्यात ८५ पौंडांचा 'कायोटी' मारला गेला. तोही डीएनएने लांडगाच ठरला.

अशा वेळी शिकारी म्हणतो, मला वाटलं कायोटी आहे. अमेरिकेच्या न्याय खात्याने १९९९ पासून असं धोरण धरलेलं आहे की आपण कोणत्या जातीचा प्राणी मारतोय हे माणसाला माहीत होतं असं सिद्ध करता येत नसेल तर फौजदारी खटला भरायचा नाही. संरक्षणासाठी झगडणाऱ्या संस्थांनी त्याविरुद्ध न्यायालयात लढा दिला, जिंकलाही, आणि वरच्या न्यायालयात तांत्रिक मुद्द्यावर गमावला. माझ्या मते हे धोरण उलटं बक्षीस देतं: जो ओळखायला शिकला तो अडकतो, जो शिकला नाही तो सुटतो. पण त्यावर विसंबून चाप ओढू नका. दंड, बंदूक जप्ती, राज्याचे वेगळे गुन्हे हे सगळं शिल्लक राहतंच, आणि मेलेला लांडगा परत येत नाही.

तर ओळखायचं कसं? रंगावर अजिबात जाऊ नका, दोघेही राखाडी, पिंगट, काळपट असू शकतात. आकारही दूरवरून फसवतो, त्यात हिवाळ्याच्या दाट केसांत कायोटी दीडपट दिसतो. मी आधी डोकं बघते. कायोटीचे कान डोक्याच्या मानाने मोठे आणि टोकदार, तोंड खोकडासारखं निमुळतं. लांडग्याचे कान आखूड आणि टोकाशी गोलसर, तोंड रुंद आणि बोजड. मग पाय. लांडग्याचे पंजे शरीराच्या मानाने इतके मोठे असतात की बूट घातल्यासारखे वाटतात. खांद्यापाशी उंची कायोटीची साधारण गुडघ्याइतकी, लांडग्याची मांडीच्या मध्यापर्यंत.

बर्फातला माग सर्वांत भरवशाचा. लांडग्याच्या पावलाची लांबी चार ते पाच इंच, कायोटीची अडीच इंचांच्या आसपास. मोठ्या कुत्र्याचं पाऊल लांडग्याएवढं असू शकतं, म्हणून एका ठशावर थांबू नका, रेघ बघा. कुत्रा मौजेत इकडेतिकडे भटकतो. लांडगा सरळ चालतो, मागचा पाय पुढच्याच्याच ठशात टाकत, जणू दोरी ताणून ठेवलीय. आवाजही वेगळा. चिरक्या, किंचाळ्या, कुई-कुई यांची एकदम झुंबड उठली तर ती कायोट्यांची. दोनच कायोटी दहाजणांचा गलका करतात. लांडग्याचा स्वर खोल आणि लांब, एका पट्टीत चढून उतरणारा. एकदा ऐकला की चुकत नाही.

माणसावर हल्ल्याची भीती असते, म्हणून स्पष्ट लिहिते: विस्कॉन्सिनमध्ये लांडगे परतल्यापासून माणसावर हल्ल्याची खात्रीची नोंद नाही. मुलांना बसस्टॉपवर पाठवा. कायोटी अंगणात येऊन रेंगाळला तर पाठ दाखवून पळू नका. हात उंचावून ओरडा, ताटं वाजवा, तो जाईपर्यंत हटू नका. पक्ष्यांसाठी सांडलेलं दाणापाणी, बाहेर ठेवलेलं मांजराचं खाणं, उघडा कंपोस्ट हे काढा. नव्वद टक्के वेळा येण्याचं कारण तेच असतं असं माझं निरीक्षण. कुत्र्याच्या बाबतीत मात्र सावध राहा. लांडग्याच्या लेखी कुत्रा हा त्याच्या हद्दीत घुसलेला परका लांडगा. जुलै ते सप्टेंबर पिल्लं सांभाळण्याच्या ठिकाणाजवळ अस्वलाच्या शिकारीची कुत्री सोडली जातात आणि मारली जातात. अशा घटना घडल्या की डीएनआर त्या भागाचा सावधगिरीचा नकाशा काढतं. उत्तरेला केबिनवर जाणार असाल तर तो आधी पाहा, आणि कुत्रा दोरीला बांधूनच फिरवा.

लांडगा दिसला तर कळवा. डीएनआरच्या संकेतस्थळावर मोठ्या सस्तन प्राण्यांच्या नोंदीसाठी अर्ज आहे. तारीख, जागा, फोटो, आणि ठशाशेजारी मापासाठी काहीतरी ठेवलेलं. स्नॅपशॉट विस्कॉन्सिन नावाच्या उपक्रमात खातं कॅमेराही देतं, आणि हिवाळ्यात प्रशिक्षण घेतलेले स्वयंसेवक बर्फातले माग मोजत फिरतात. कोटा, भरपाई, न्यायालयात मांडले जाणारे आकडे हे सगळं शेवटी याच नोंदींवर उभं राहतं. मी पाच हिवाळे ते काम केलंय. उणे पंधरा अंशांत तासन्‌तास चालून कधीकधी एकही ठसा सापडत नाही, आणि तीही नोंदच असते.

त्या कुटुंबाचा दुसरा फोटो मार्चमध्ये आला. ओढ्यावरचा बर्फ, त्यात एका सरळ रेघेत गेलेली पावलं, आणि एका पावलाशेजारी मुलाचा हातमोजा. मुलाने पट्टीने मोजून लिहिलं होतं: साडेचार इंच. आम्ही तिघांनी मिळून तो माग शेताच्या कडेपर्यंत गाठला, तिथून तो रस्ता ओलांडून सरकारी जंगलात शिरला होता. अर्ज मुलानेच भरला.